न पाहिलेल्या पायाचा मोजा

मास्तर,

तुम्ही माझा पाय कधी पाहिला नाहीत. दिघोरीतल्या माझ्या अकरा वर्षांतली बहुतेक वर्षं आणि एकोडीला बदली झाल्यानंतरची ही सहा-सात, एवढा काळ तुम्ही माझ्या डाव्या पायासाठी मोजे शिवत राहिलात. घोट्याचा घेर, पोटरीचा घेर, गुडघ्याखालचा घेर तुम्हाला तोंडपाठ होते. मलासुद्धा नव्हते. पण ती सगळी मापं तुम्ही दाराच्या पलीकडे बसून ऐकलीत.

तुम्ही गेल्याची बातमी मला शाळेत कळली. दुपारच्या बसच्या कंडक्टरने शाळेसमोर गाडी थांबवली आणि खाली उतरून सांगितलं, "बाई, दिघोरीचे टेलर मास्तर गेले काल." मी तिसरीच्या वर्गावर होते. पोरी पाढे म्हणत होत्या. मी त्यांना थांबवलं नाही, त्यांचा तेराचा पाढा संपेपर्यंत तशीच उभी राहिले. दिघोरीला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरवीपर्यंत तुमच्या घरी, गयाकाकूंजवळ राहिले. काल परत आले, आणि आज रविवार आहे म्हणून लिहायला बसलेय.

तुमच्या गावी आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. भंडाऱ्यात वाढलेली, भाताच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून चालताना दोन्ही हात पसरून तोल सांभाळणारी. पोरी मागून हसायच्या. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, जांघेत गाठ आली आणि डाव्या पायावर लाल पट्टा उठला. चार दिवसांनी ताप उतरला, सूज मात्र राहिली. मग दर दोन-तीन महिन्यांनी तेच. प्रत्येक ताप जाताना थोडी सूज मागे ठेवून जायचा.

सकाळी पाय बरा असायचा. दुपारच्या सुट्टीपर्यंत चपलेचा पट्टा रुतायला लागायचा. शाळा सुटायच्या वेळी बोटाने दाबलं तर नडगीवर खळगा पडायचा आणि भरून यायचं नावच घ्यायचा नाही. फळ्याशी उभं राहून शिकवायचं म्हणजे शिक्षाच होती. गावात त्या दुखण्याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. हत्तीपाय. तशा पायाच्या बाया मी पाहिल्या होत्या. लग्नाच्या पंगतीत त्या कडेला, पाय लुगड्याखाली ओढून बसायच्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. डासामुळे होतं हे. औषधाने आतला जंतू मरेल, पण पायातलं पाणी वर नेणाऱ्या ज्या बारीक वाटा बंद झाल्या, त्या उघडणार नाहीत. तेव्हा त्या पाण्याला बाहेरून दाब द्यायचा. सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी घट्ट मोजा चढवायचा आणि झोपतानाच काढायचा. पाय रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवायच्या. मोजाही तिथलाच घेतला. कुठल्याच माणसाच्या कातडीचा नसेल असल्या गुलाबी रंगाचा, रबरी, जाड. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याच्या आत पाय शिजायचा. चार महिन्यांत तो ढिला पडला, टाचेवर फाटला. दुसरा आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, माल आला नाही, पुढच्या महिन्यात या.

मग मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्याकडे आणला. तुम्हाला आठवतं का हो? तुम्ही कुणाची तरी बेलबॉटम शिवत होता आणि चिडला होता. "चोवीस इंच मोहरी म्हनते! बाई, एका पायाच्या कापडात मी दोन पोट्ट्याइच्या चड्ड्या शिवल्या असत्या." मी हसले नाही तेव्हाच तुम्हाला कळलं असावं, की काम वेगळं आहे.

"माझ्या आत्याचा मोजा आहे," मी म्हटलं. "टाचेला ठिगळ लावता येईल का?"

तुम्ही तो उलटा केलात, ताणून पाहिलात, उजेडात धरलात. मग मान वर न करता विचारलंत, "आत्या शाळेत शिकवतेत काय?"

"का बरं?"

"मोज्याले खडू लागला हाय."

मी तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते आणि ते तुम्हाला दिसू नयेत म्हणून रस्त्याकडे पाहत होते. तुम्ही मोजा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलात आणि आत हाक मारलीत, "गया, चहा मांड. बाई आल्या." मग हळू आवाजात म्हणालात, "हे रबर हाय बाई. रबर मले शिवता येत नाई. पन पाय आवळूनच धराचा हाय ना? त्याले कापड पुरते. कोनाले सांगनार नाई, काळजी करू नोका."

गावात तेव्हा दोन मास्तर होते, एक शाळेचे आणि एक तुम्ही. शाळेचे मास्तर तुम्हाला चिडवायचे, की आम्ही शिकवतो म्हणून मास्तर, तुम्ही कसले? तुम्ही म्हणायचात, "तुमी शिकवलेलं पोट्टे विसरतेत. माहं शिवलेलं उसवत नाई." पण त्या मोज्यापायी तुम्हाला बऱ्याचदा उसवावं लागलं.

पहिल्या मापाचा दिवस आठवतो. तुम्ही सांगून ठेवलं होतं, की माप उठण्याआधीचं हवं, पाय खाली टेकला की ते माप खोटं. म्हणून गयाकाकू उजाडताना माझ्या खोलीवर आल्या, गळ्यात टेप टाकून. तुम्ही बाहेर ओट्यावर, दाराकडे पाठ करून बसलेले, कानाला पेन्सिल. काकूंना आकडे वाचता यायचे, पण हळू बोलता यायचं नाही. "घोटा साडेनऊ!" त्या आतून ओरडल्या. "पोटरी पंधराच्या वर एक रेघ!" समोरच्या घरची म्हातारी अंगण झाडत होती. तिने विचारलं, "मास्तर, एवढ्या सकाळी कायचं माप घेऊन राहिले?"

तुम्ही जराही न अडखळता सांगितलंत, "ढोलकीची खोळ शिवाची हाय. शाळेची ढोलकी हाय."

त्यानंतर शाळेची ती ढोलकी दर रविवारी मापाला बसायची. काकू हसू दाबत "खोळीचं माप" म्हणायच्या आणि मी खाटेवर पडल्या पडल्या हसायचे. त्या आजाराने मला बऱ्याच दिवसांत हसू दिलं नव्हतं.

पहिला मोजा फसला. तुम्ही मांजरपाट दुहेरी घालून, समोर नाडी ओवायला भोकं पाडून, बुटासारखा शिवला होता. तो गुडघ्याखाली दोरीसारखा काचला आणि तासाभरात बोटं निळी पडली. दुसऱ्याची शिवण नडगीवर घासली, फोड आला. तुम्ही शिवण बाहेरून घेतलीत. तिसरा पायावर बसला, पण चालताना घोट्याशी गोळा व्हायचा. मी म्हटलं, "राहू द्या मास्तर, नाही जमत." तुम्हाला राग आला. तुमचा राग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "मले कापड शिकवू नोका. कापड सरळ कापलं म्हनून अडून राहिलं. उरेब कापून पाहतो." तिरपं कापलेलं कापड थोडं ताणतं, हे मला तुमच्याकडून कळलं. घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना थोडं थोडं सैल, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं आणि मी तुम्हाला सांगायला विसरले होते. तुम्ही ते आपल्या मनाने शोधून काढलंत. चौथा मोजा तसा होता.

तो घालून मी दिवसभर उभी राहिले. शाळा सुटल्यावर पदर खोचला आणि एकटीच तलावाच्या पाळीवर गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि परत आले. कुणीच नव्हतं. धावावंसंसुद्धा वाटलं.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. कधी तसं तुम्हाला म्हटलं नाही. दर रविवारी आकडा रेघेरेघेने कमी व्हायचा आणि तुम्ही शिवण आत घ्यायचात. ताप येणं थांबलं. मी पोरींना कवायतीच्या सामन्यांना घेऊन लाखांदूरला गेले. शाळेच्या मास्तरांची सायकल चालवायला शिकले, धुऱ्यावरून खाली पडले, चिखलासकट तुमच्या दुकानात आले. तुम्ही म्हणालात, "पाय शाबूत हाय ना? मंग झालं. लुगडं धुता येते." दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत तर तुमच्याभोवतीच गर्दी असायची. दंडारीच्या खेळातल्या राजाचा अंगरखा तुमचा, राणीचं लुगडं तुम्ही काठ लावून सजवलेलं. भर दुपारी, उन्हात, राजा नाचता नाचता तुमच्यासमोर येऊन म्हणायचा, "मास्तर, काखेत उसवलं!" आणि तुम्ही खिशातून सुई काढून तिथेच, हजार माणसांसमोर, राजाला टाके घालायचात. मी काकूंच्या शेजारी बसून फुटाणे खात ते पाहायचे. पाय लांब करून बसायचे. सूज दिसायच्या भीतीने मी कितीतरी दिवस कुणासमोर पाय लांब केला नव्हता.

आता रुखमाबद्दल बोलायला हवं.

रुखमाची शांता माझ्या चौथीच्या वर्गात होती. रुखमा भाताच्या रोवणीला जाणारी, दिवसभर बांधीच्या चिखलात वाकलेली. तिचा उजवा पाय माझ्या पायाच्या तिप्पट झाला होता. बोटांमध्ये जखमा, त्यांना वास. शांता वर्गात कोपऱ्यात बसायची, कारण शेजारी बसायला पोरी तयार नसायच्या. तुम्ही एका रविवारी, काकू माप घेऊन गेल्यावर ओट्यावरच थांबलात आणि दाराकडे पाठ ठेवूनच म्हणालात, "बाई, एक मागू काय?"

"मागा की."

"रुखमाले तुमचा पाय दाखवा. एकदा. म्हंजे तिले पटन."

माझ्या तोंडून लगेच निघालं, "नाही मास्तर. ते जमणार नाही."

"काहून?"

"माझा पाय आहे तो. मला कुणाला दाखवायचा नाही."

 मग म्हणालात, "पाय तुमचाच हाय. पन शिवन माही हाय ना बाई? मले एक गोष्ट जमली आयुष्यात, अन् ते मी कोनाले सांगू शकत नाई."

मी काय उत्तर दिलं ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता." तुम्ही उठलात. "दिला हाय. पाळतो," म्हणालात आणि गेलात. त्या दिवसांत भंडाऱ्याच्या एका कारकुनाशी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुम्ही शब्द पाळलात आणि तरीही रुखमासाठी प्रयत्न केलात. काकूंना तिच्या घरी पाठवलंत. काकूंनी माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मास्तर पायाले घट्ट मोजा शिवून देतेत, सूज उतरते, माप मी घेतो." रुखमा कबूल झाली असती. पण नवऱ्याच्या कानावर गोष्ट गेली ती वेगळीच होऊन.

तो बाजाराचा दिवस होता. दुकानात सात-आठ माणसं होती. मीही झंपराचं कापड घेऊन उभी होते. रुखमाचा नवरा सरळ आत आला आणि टेबलावरची शिवलेली कापडं हाताने खाली लोटली.

"या वयात बायाइच्या पायाचे मापं घेवाचे हायेत तुले? माह्या बायकोच्या पायाले हात लावतं?"

तुम्ही मशीनवरचे पाय थांबवलेत. "मी नाई घेत माप. माही बायको घेते. मी पाहातसुदिक नाई."

"झूट! कोन्या बाईचं घेतलं हायेस असं माप? सांग एक नाव. सांग!"

सगळे तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही एकदा मान वर केलीत. तुमची नजर सगळ्यांवरून फिरली, माझ्यावरूनही. माझ्यावर ती क्षणभरही जास्त थांबली नाही. हे मला तेव्हा बरं वाटलं. नंतर त्याच गोष्टीने मला कितीतरी दिवस अन्न गोड लागू दिलं नाही. माझ्या साडीखाली तुमचा मोजा होता. एक वाक्य बोलायचं होतं मला. तुम्ही म्हणालात, "नाव नाई माह्यापाशी," आणि खाली वाकून पडलेली कापडं गोळा करायला लागलात. मीसुद्धा वाकले नाही. माझं झंपराचं कापड घेऊन दुकानातून बाहेर पडले.

त्यानंतर बायांनी तुमच्याकडे झंपर टाकणं बंद केलं. लाखांदूरला जाऊन शिवून आणायला लागल्या. तुमच्या मशीनचा आवाज शाळेपर्यंत यायचा, तो दुपारचा यायचा बंद झाला. गयाकाकू दोन रविवार आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी आल्या, माप घेतलं, आणि त्या दिवशी आकडे पहिल्यांदा हळू सांगितले.

दोन महिने मी हे सगळं पाहत राहिले, मास्तर. दोन महिने. रोज सकाळी तुमच्या नाड्या ओढून गाठ मारायची आणि वर्गात जाऊन पोरींना खरं बोलावं म्हणून सांगायचं. शेवटी माझ्याने शिकवणंच होईना. संक्रांतीला शाळेत दरवर्षी आयांचं हळदीकुंकू असायचं. त्या वर्षी चाळीसेक बाया आल्या होत्या. रुखमाही आली होती, दाराशी बसली होती. वाण वाटून झाल्यावर मी खुर्चीवर बसले आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. आवाज एकदम बंद झाला. मी नाड्या सोडल्या, मोजा उतरवला. पाय दाखवला. म्हटलं, "मला सात वर्षांपासून हे दुखणं आहे. हा मोजा आपल्या टेलर मास्तरांनी शिवला. माप गयाकाकूंनी घेतलं. मास्तरांनी माझा पाय अजून पाहिलेला नाही. बाजाराच्या दिवशी त्यांनी जे नाव सांगितलं नाही, ते माझं."

 मग रुखमा बसल्या जागेवरून सरकत सरकत पुढे आली. तिने माझ्या पोटरीवर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला नाही. तिने पुन्हा दाबलं, जोराने.

"दुखते काय वो बाई?"

"नाही."

"माहा इतका होइन?"

"इतका नाही होणार. पण कमी होईल. जखमा भरतील. मी शिकवते कसं धुवायचं ते."

भंडाऱ्याच्या स्थळाचं नकाराचं पोस्टकार्ड आठ दिवसांत आलं. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कुणास ठाऊक. मी ते वाचलं, चुलीत टाकलं. रडले, पण संध्याकाळपर्यंतच. रुखमाच्या पायासाठी कापड जाड लागेल, मांजरपाटाने भागणार नाही, असा निरोप तुमच्याकडून आला होता. ते शोधायला मला लाखांदूरची बस धरायची होती.

त्यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे. रुखमाचा मोजा शिवायला तुम्हाला पंधरा दिवस लागले. चिखलात तो घालता येत नाही म्हणून तुम्ही खूप डोकं चालवलंत. शेवटी ठरलं, रोवणीचे दिवस सोडून बाकी सगळे दिवस. तिचा पाय कधीच बारीक झाला नाही, पण जखमा भरल्या, वास गेला, आणि शांताच्या लग्नात ती मांडवाच्या मधोमध बसली. रुखमाच्या नवऱ्याने तुमची माफी मागितली नाही. त्याने एक दिवस कुडवभर धान तुमच्या ओट्यावर आणून ठेवलं आणि तो निघून गेला. तुम्ही म्हणालात, "बोलता येत नाई बिचाऱ्याले." मग आसपासच्या गावांतून बाया येऊ लागल्या. काकू आत, तुम्ही बाहेर दाराकडे पाठ करून. ढोलकीची खोळ म्हणायची आता गरज नव्हती. तरी काकू तसंच म्हणायच्या.

आपलं भांडण मात्र संपलं नाही. संक्रांतीनंतर तुम्ही मला भेटलात तेव्हा, बाई तुम्ही फार मोठं काम केलं, असं काहीतरी म्हणायला लागलात. मी तुम्हाला मधेच तोडलं. मी म्हटलं, उशीर केला मी. तुम्ही म्हणालात, शेवटी बोललात ना, मग तो उशीर नव्हे. मग आपण पुन्हा कधी तो विषय काढला नाही. एकोडीहून मी तीन-तीन महिन्यांनी यायचे, चहा व्हायचा, बेलबॉटम जाऊन आता पुन्हा निमुळत्या पँटी आल्या म्हणून तुम्ही नव्याने चिडलेले असायचात. मी दर वेळी ठरवून यायचे, की आज बोलायचं. दर वेळी बस धरायची वेळ व्हायची.

मागच्या दिवाळीत आपण नव्याच गोष्टीवरून भांडलो. तुमचे दोन्ही पाय सुजलेले होते. पायजम्याखालून मला घोटे दिसले आणि माझा तोल गेला. "इतक्या बायांना शिवून दिलेत, स्वतःला एक शिवत नाही?" मी ओरडले. तुम्ही हसलात. "मले कोन पाहाते आता." मी म्हटलं, मी कापड आणून देते, काकू माप घेतील. तुम्ही म्हणालात, "हे सूज थे सूज नाई बाई. मले समजते." मला वाटलं, हट्ट करताय. रागाने चहा अर्धा टाकून उठले. आता काकूंनी डॉक्टरांचे कागद दाखवले. तुमची सूज हृदयाची होती. मोज्याने ती उतरली नसती. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं होतं, उलट त्रासच झाला असता. इतक्या वर्षांच्या पायांनी तुम्हाला तेवढं शिकवलं होतं आणि मी तुम्हाला शिकवायला निघाले होते. तो अर्धा चहा मला फार लागतो, मास्तर.

तेरवीच्या दिवशी जेवणं झाली. रुखमा भांडी घासत होती. काकू मला घेऊन मागच्या पडवीत बसल्या.  मग त्या एकदम बोलल्या.

"बाई, त्या येळी मी दोन रविवार आलो नव्हतो. तुमाले सांगतलं होतं का दुखनं होतं म्हनून."

"हो, आठवतं."

"दुखनं नव्हतं. राग होता. लय राग होता तुमचा."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"मी म्हनलं, मी जातो चौकात अन् सांगतो, कोन्या बाईचा पाय हाय थे. हे दारात आडवे उभे राह्यले. म्हने, पोरीचं लगन जमून राहिलं भंडाऱ्याले. बोलू नको. मी म्हनलं, तुमाले कोनं सांगतलं? म्हने, पोस्टमननं. बाईले दर आठवड्याले भंडाऱ्याचं पाकीट येते."

तुम्हाला ठाऊक होतं. दुकानात तुमची नजर माझ्यावरून न थांबता गेली, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या लग्नासाठी तुम्ही गावाच्या शिव्या खाल्ल्यात, आणि ते लग्न मोडलं तेव्हा एका शब्दानेही ओळख दिली नाहीत.

"मग तिसऱ्या रविवारी कशा आलात काकू?" मी विचारलं.

"यायनंच धाडलं. मी जात नाई म्हनलं, तर म्हने, तुहा राग तुह्यापाशी ठेव. माप नाई घेतलं तर पाय सुजन पोरीचा."

काकू रडायला लागल्या. तेरा दिवसांत मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. आतून रुखमाने विचारलं, काय झालं वो माय? 

मास्तर, बाजाराच्या त्या दिवशी मी तुमच्यापासून चार पावलांवर होते. मी बोलायला हवं होतं. मला माफ करा.